टक्का, पण कशाचा?

रोजच्या व्यवहारातील गणिताविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांत टक्केवारीची पत्रे सर्वाधिक असल्यामुळे या अंकातील सदर त्यांनाच द्यावे, असे ठरवले. प्रश्न कर्जाचे आहेत, चकलीचे आहेत, सोयाबीनचे आहेत आणि पावसाचेही आहेत. परंतु अडचण बहुतेक सर्व पत्रांत एकाच ठिकाणी येते. टक्का सांगणारा तो कशावर मोजला हे सांगत नाही, आणि ऐकणाराही ते विचारत नाही. उत्तरांत बीजगणित शक्य तेथे टाळले आहे. कागद, पेन्सिल आणि त्रैराशिक एवढ्यावर काम भागते. पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : दुचाकीसाठी ९०,००० रुपयांचे कर्ज दोन वर्षांच्या मुदतीने घ्यायचे आहे. शोरूममध्ये बसणारे वित्त कंपनीचे प्रतिनिधी ‘फक्त ९ टक्के फ्लॅट’ असे सांगतात, तर आमच्या बँकेने १४ टक्के दर सांगितला. घरातील सर्वांचा कल शोरूमकडे आहे. मात्र बँकेतील बाईंनी ‘आमचेच कर्ज स्वस्त पडेल’ असे ठामपणे सांगितले. नवापेक्षा चौदा स्वस्त कसे असू शकतील? — एक वाचक, बार्शी

बँकेतील बाईंचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते पडताळून पाहण्यासाठी कोणावर विश्वास ठेवण्याचीही गरज नाही. आधी दोन्ही हप्ते काढू. फ्लॅट पद्धतीत व्याज नेहमी मूळ रकमेवर, म्हणजे पूर्ण ९०,००० रुपयांवर, पूर्ण मुदतीसाठी लावतात. वर्षाला ९ टक्के म्हणजे ८,१०० रुपये, दोन वर्षांचे १६,२०० रुपये. एकूण परतफेड १,०६,२०० रुपयांची होते आणि ती २४ महिन्यांत वाटली की हप्ता येतो ४,४२५ रुपये. बँकेचे १४ टक्के हे शिल्लक मुद्दलावर, म्हणजे ज्याला ‘रिड्युसिंग बॅलन्स’ म्हणतात त्या पद्धतीने, आकारलेले असतात. तेथे हप्ता सुमारे ४,३२१ रुपये पडतो. महिन्याला १०४ रुपयांचा फरक, म्हणजे दोन वर्षांत सुमारे २,५०० रुपये बँकेच्या कर्जात वाचतात.

असे का होते, हे पहिल्या दोन महिन्यांचा हिशेब मांडला की लगेच लक्षात येते. बँकेच्या कर्जात पहिल्या महिन्याचे व्याज ९०,००० रुपयांच्या १४ टक्क्यांचा बारावा भाग, म्हणजे १,०५० रुपये होते. आपण भरलेल्या ४,३२१ रुपयांतून ते वजा जाता ३,२७१ रुपये मुद्दलात जमा होतात आणि शिल्लक ८६,७२९ रुपये उरते. दुसऱ्या महिन्याचे व्याज आता या उरलेल्या रकमेवर, म्हणजे १,०१२ रुपये लागते. असे ते दर महिन्याला उतरत जाते. फ्लॅट कर्जात मात्र व्याजाची १६,२०० रुपयांची रक्कम २४ महिन्यांत सारखी वाटून पाहिली, तर प्रत्येक महिन्याला ६७५ रुपये व्याज आणि ३,७५० रुपये मुद्दल असे पडते. पहिल्या महिन्यात ९०,००० रुपयांवर ६७५ रुपये म्हणजे पाऊणच टक्का झाला, आणि तो स्वस्त वाटतो हे खरेच आहे. पण शेवटच्या महिन्यात आपल्याकडे कंपनीचे फक्त ३,७५० रुपये उरलेले असतात आणि त्यावरही आपण ६७५ रुपयेच देता. हे एका महिन्याचे १८ टक्के झाले. आपण जे पैसे केव्हाच परत केले आहेत त्यांचे व्याज शेवटपर्यंत भरत राहणे, एवढाच फ्लॅट दराचा अर्थ आहे.

खरा दर अंदाजाने काढण्याची एक सोपी रीत आहे. दरमहा सारखे मुद्दल फिटते असे धरले, तर पहिल्या महिन्यात ९०,००० आणि शेवटच्या महिन्यात ३,७५० रुपये आपल्याकडे असतात. त्यांची सरासरी ४६,८७५ रुपये. वर्षाला ८,१०० रुपये व्याज या सरासरीवर काढले की १७ टक्क्यांहून थोडा अधिक दर येतो. प्रत्यक्षात समान हप्त्याच्या कर्जात सुरुवातीला मुद्दल जरा सावकाश फिटते, म्हणून सरासरी शिल्लक थोडी जास्त असते आणि नेमका दर १६.४ टक्क्यांच्या आसपास भरतो. एक ते तीन वर्षांच्या कर्जासाठी फ्लॅट दराला १.८ ने गुणावे. येणारे उत्तर व्यवहारापुरते पुरेसे अचूक असते. नऊ गुणिले १.८ म्हणजे १६.२. आता तुलना १६ आणि १४ यांची आहे, ९ आणि १४ यांची नाही.

प्रक्रिया शुल्क, विमा आणि ‘फाइल चार्ज’ या नावाखाली घेतली जाणारी रक्कम हे सर्व धरून येणारा वार्षिक दर आता मागून घेता येतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा तक्ता ग्राहकाला देणे बंधनकारक आहे आणि त्यात ‘एपीआर’ म्हणजे सर्व खर्चासह वार्षिक दर छापलेला असतो. सही करण्यापूर्वी दोन्ही ठिकाणचे तक्ते शेजारी ठेवावेत आणि फक्त तेवढा एक आकडा पाहावा.

याच ओघात एक सांगावेसे वाटते. गावाकडे ‘दोन रुपये शेकडा’ किंवा ‘तीन टक्क्याने’ पैसे घेतले जातात, तेव्हा तो दर महिन्याचा असतो. तीन टक्के दरमहा म्हणजे व्याजावर व्याज न धरताही वर्षाला ३६ टक्के. टक्का कशाचा याच्या जोडीला किती काळाचा, हेही विचारावे लागते.

प्रश्न : मी घरगुती फराळाचे पदार्थ करते. भाजणीच्या चकलीचा साहित्य, गॅस आणि मदतनीस बाईंची मजुरी धरून किलोला ४०० रुपये खर्च येतो. त्यावर २५ टक्के नफा धरून ५०० रुपये भाव ठेवला. एका दुकानदारांनी २५ टक्के कमिशनवर माल ठेवण्याची तयारी दाखवली, तेव्हा नफा त्यांना जाईल पण निदान तोटा होणार नाही, असे वाटले. हिशेब झाला तेव्हा किलोमागे २५ रुपये पदरचे गेलेले दिसले. दुकानदारांनी मला फसवले का? — एक गृहउद्योजिका, कल्याण

दुकानदारांनी फसवलेले नाही. आपण २५ टक्के वाढवले ते ४०० रुपयांवर, म्हणजे १०० रुपये. त्यांनी २५ टक्के घेतले ते विक्रीच्या ५०० रुपयांवर, म्हणजे १२५ रुपये. आपल्या हाती ३७५ रुपये आले आणि खर्च ४०० रुपये झाला होता. नफा खरेदीवर मोजायचा की विक्रीवर, याचा बाजारात कोठेही एकच नियम नाही. उत्पादन करणारे बहुधा खर्चावर मोजतात आणि दुकानदार व वितरक बहुधा विक्रीच्या भावावर. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. बोलणी सुरू करतानाच ‘एमआरपीवर की खरेदीवर?’ एवढे विचारून घेतले, तर पुढचा घोळ टळतो.

आता भाव किती ठेवावा? दुकानदार चौथा हिस्सा घेणार, म्हणजे आपल्याला किमतीचे पाऊण मिळणार. आपल्याला ५०० रुपये हाती यायला हवे असतील, तर ज्या रकमेचे पाऊण ५०० होते ती रक्कम शोधायची : ५०० भागिले तीन गुणिले चार, म्हणजे ६६६ रुपये ६७ पैसे. व्यवहारात ६७० रुपये ठेवा. नुसता खर्च भरून निघावा एवढीच अपेक्षा असेल, तरी ५३४ रुपयांच्या खाली उतरता येत नाही. आणि ५०० रुपये भाव कायम ठेवायचा असेल, तर कमिशन २० टक्क्यांवर आणण्याविषयी बोला. तेथे आपण ना नफा ना तोटा या रेषेवर येता.

या २५ आणि २० च्या जोडीत एक छान नियम दडलेला आहे. एखाद्या रकमेत तिचा चौथा हिस्सा मिळवला, तर मूळ रकमेवर परत येण्यासाठी नव्या रकमेचा पाचवा हिस्सा काढावा लागतो. तिसरा मिळवला तर चौथा काढायचा, पाचवा मिळवला तर सहावा, दहावा मिळवला तर अकरावा. मिळवताना जो आकडा असेल, त्याच्यापुढचा आकडा काढताना घ्यायचा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी घोकली होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपया सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा होता, त्यामुळे चौथ्या, आठव्या, सोळाव्या हिश्शांत विचार करणे हे त्या व्यवहाराला धरूनच होते. त्या पाठांतराचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, कारण त्यात मुलांचा छळही पुष्कळ झाला. परंतु २५ टक्के म्हणजे पाव आणि ७५ टक्के म्हणजे पाऊण, हे ज्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते त्याला आपल्यासारखा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय सुटतो.

हाच नियम अन्यत्रही कामाला येतो. ५ टक्के जीएसटी म्हणजे विसावा हिस्सा मिळवणे. म्हणून करासह १,०५० रुपयांच्या बिलातील कर काढण्यासाठी २१ ने भागावे. उत्तर ५० रुपये. १८ टक्के कराला असा सुटसुटीत अपूर्णांक नाही, तेथे सरळ १.१८ ने भागावे. १,१८० रुपयांतून १८ टक्के वजा करणारे लोक ९६७ रुपये ६० पैशांवर पोहोचतात, तर वस्तूची करपूर्व किंमत १,००० रुपये असते. सराफाकडे २२ कॅरट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग शुद्ध सोने, आणि दागिन्यावरील ९१६ हा शिक्का हजारातील तेवढे भाग दाखवतो. २४ कॅरटच्या भावातून बारावा हिस्सा वजा केला की २२ कॅरटमधील सोन्याचे मोल निघते. उलट २२ वरून २४ वर जायचे, तर अकरावा हिस्सा मिळवावा लागतो. घडणावळ मात्र वेगळी, आणि ती टक्क्यांत सांगितली तर तीही कशावर आहे ते विचारावे.

प्रश्न : सेलमध्ये ‘५० टक्के + २० टक्के सूट’ असा फलक होता. ७० टक्के सूट धरून साडी घेतली, बिल जास्त आले. — एक वाचक, नागपूर

पहिली सूट छापील किमतीवर आहे, दुसरी उरलेल्या किमतीवर. १,००० रुपयांच्या साडीचे आधी ५०० झाले, मग त्या ५०० चे २० टक्के म्हणजे १०० रुपये उतरले आणि ४०० उरले. एकूण सूट ६० टक्के. सुटीचा क्रम उलटा केला तरी उत्तर तेच येते. ‘दोनांवर एक मोफत’ म्हणजे ३३ टक्क्यांहून थोडी अधिक सूट, तीही तीन वस्तू खरोखर हव्या असतील तरच. ‘त्याच किमतीत २० टक्के जादा’ लिहिलेली टूथपेस्ट ही वरील नियमाने सहावा हिस्सा, म्हणजे १६.६७ टक्के स्वस्त असते.

प्रश्न : सोयाबीन अडत दुकानात नेले, तेथे यंत्रावर १८ टक्के मॉइश्चर निघाले. अडत्याने सांगितले की १२ टक्क्यांच्या वर असलेल्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे दीड किलो कडता, म्हणजे वजनातील कपात, लागेल, म्हणजे नऊ किलो. कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, टक्क्याला एक किलोच कापायला हवे, म्हणजे सहा किलो. दोघांपैकी कोणाचे खरे? — एक शेतकरी, औसा

दोघांचेही उत्तर चुकले आहे. मात्र मुलाचे उत्तर खऱ्याच्या पुष्कळ जवळ आहे. अशा हिशेबात पाण्याकडे न पाहता कोरड्या दाण्याकडे पाहावे, कारण वाळताना पाणी कमी होते आणि कोरडा भाग आहे तेवढाच राहतो. एका क्विंटलमध्ये १८ टक्के पाणी आहे, म्हणजे कोरडा भाग ८२ किलो. हेच सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळवले, तर ते ८२ किलो नव्या वजनाचे ८८ टक्के होतील. ज्या वजनाचे ८८ टक्के ८२ किलो होतात ते वजन ८२ भागिले ०.८८, म्हणजे ९३.१८ किलो. घट ६ किलो ८२० ग्रॅमची झाली.

मुलाचे सहा किलो कोठे चुकले? त्याने १८ मधून १२ वजा केले, पण हे १८ टक्के शंभर किलोंचे आहेत आणि १२ टक्के त्र्याण्णव किलोंचे. वेगवेगळ्या रकमांवरचे टक्के एकमेकांतून वजा करता येत नाहीत. १२ टक्के ओलावा प्रमाण धरला, तर त्याच्या वरच्या प्रत्येक टक्क्यामागे खरी घट १ किलो १३६ ग्रॅमची असते. एवढा आकडा लक्षात ठेवला की आडत बाजारात उभ्या उभ्या पडताळा घेता येतो. दीड किलोचा दर त्याहून बराच जास्त आहे. आपल्या मालात अडत्याचा कडता खऱ्या घटीपेक्षा २ किलो १८० ग्रॅमने अधिक पडला. २०२५-२६ च्या खरिपासाठी जाहीर झालेला क्विंटलला ५,३२८ रुपयांचा हमीभाव धरला, तर ही रक्कम क्विंटलमागे सुमारे ११६ रुपये आणि वीस क्विंटलांमागे २,३०० रुपयांच्या वर जाते.

अडत्याची बाजूही पाहायला हवी. ओला माल वाळवण्यासाठी जागा, मजूर आणि वेळ लागतो, शिवाय ओल्या ढिगाला बुरशी लागण्याची जोखीम असते. त्यासाठी त्याने काही घेणे गैर म्हणता येणार नाही. फक्त ते ‘वाळवणीचा खर्च’ म्हणून हिशोबपट्टीवर स्वतंत्र ओळीत यावे, मॉइश्चरच्या नावाखाली वजनात येऊ नये. आपण पट्टीवर ओलाव्याचा आकडा लिहून मागितलात, तर निम्मे काम झाले. हमीभाव खरेदीत १२ टक्क्यांची अट असते, ती केंद्र सरकारने २०२४ च्या हंगामात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. १५ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलात १२ टक्क्यांच्या हिशेबाने ९६ किलो ५९० ग्रॅमच माल असतो, म्हणजे त्या सवलतीचे मोल शेतकऱ्याला क्विंटलमागे सुमारे ३ किलो ४०० ग्रॅम एवढे होते.

कोरडा भाग धरून चालण्याची ही रीत तासगावच्या बेदाण्यालाही तशीच लागू पडते. शंभर किलो द्राक्षांत ८० टक्के पाणी धरले, तर कोरडा भाग २० किलो. बेदाण्यात १५ टक्के पाणी ठेवायचे असेल तर हे २० किलो म्हणजे ८५ टक्के, आणि बेदाणा होतो साडेतेवीस किलो. सव्वाचार किलो द्राक्षांमागे एक किलो. आता मुलाला एक प्रश्न घाला. याच द्राक्षांतील पाणी ८० टक्क्यांवरून फक्त ६० टक्क्यांवर आले, तर शंभर किलोंचे किती किलो उरतील? ऐंशी हे बहुतेकांचे उत्तर असते. खरे उत्तर पन्नास आहे, कारण तेच वीस किलो आता एकूण वजनाचे ४० टक्के झाले आहेत.

प्रश्न : हवामान खात्याने सरासरीच्या १०६ टक्के पाऊस सांगितला होता आणि नंतर तो १०८ टक्के झाल्याचे वाचले. माणदेशात राहणाऱ्या माणसाने या आकड्याचे काय करावे? — एक निवृत्त शिक्षक, आटपाडी

पेरणीचा निर्णय घेण्यासाठी या आकड्याचा उपयोग जवळजवळ नाही, असे स्पष्ट सांगितलेले बरे. आपण म्हणता तो २०२५ च्या मोसमाचा आकडा आहे. हे टक्के संपूर्ण देशाच्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या सरासरीचे असतात. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर हवामान विभाग त्याला ‘सामान्य’ म्हणतो. म्हणजे टक्का तिहेरी पायावर उभा आहे : सगळा देश, चारही महिने आणि पन्नास वर्षे. यांपैकी एकही गोष्ट आपल्या शिवाराची नाही. चेरापुंजीपासून जैसलमेरपर्यंतचे पाणी त्या एका आकड्यात मिसळलेले असते.

जिल्ह्याचा आकडा आपल्याला अधिक जवळचा, परंतु तेथे मोजपट्टी बदलते. जिल्ह्याच्या पातळीवर सरासरीपेक्षा १९ टक्के कमी किंवा १९ टक्के जास्त, एवढ्या रुंद पट्ट्याला ‘सामान्य’ म्हणतात. तूट २० टक्क्यांपासून ५९ टक्क्यांपर्यंत गेली की ‘अपुरा’. ज्या गावात चार महिन्यांत चारशे मिलिमीटर पाऊस अपेक्षित आहे, तेथे १९ टक्के तूट म्हणजे ७६ मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर पाणी टाकतो, कारण गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. तेव्हा ‘सामान्य’ ठरलेल्या वर्षातही आपल्या प्रत्येक गुंठ्यावर साडेसात हजार लिटरांहून अधिक पाणी कमी पडलेले असू शकते. महाबळेश्वरात तीच १९ टक्के तूट मिलिमीटरमध्ये दहापटीहून अधिक मोठी असेल, पण तेथे पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असल्याने कोणाचे पीक त्यावाचून वाळत नाही.

वेळेचा प्रश्न वेगळाच राहतो. महिन्याचा पाऊस तीन दिवसांत ओतून उरलेले सत्तावीस दिवस ऊन पडले, तरी महिनाअखेरीस टक्केवारी १०० दाखवते. म्हणून टक्क्यांपेक्षा आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची रोजची नोंद, मिलिमीटरमध्ये आणि तारखेनिशी, वहीत उतरवून ठेवणे अधिक उपयोगाचे. शाळेतील मुलांना हाताशी धरलेत, तर चार महिन्यांत त्यांचा आलेख, सरासरी आणि टक्केवारी हे तिन्ही पाठ होऊन जातील.

प्रश्न : फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ६.५० वरून ६.२५ टक्के झाला. एका वृत्तपत्राने ‘पाव टक्क्याने घट’ लिहिले. ०.२५ हे ६.५० च्या जवळजवळ चार टक्के होत नाहीत का? — बी. कॉम.चा एक विद्यार्थी, पुणे

होतात, नेमके सांगायचे तर ३.८५ टक्के. परंतु दर स्वतःच टक्क्यांत असतो, तेव्हा त्यातील बदल वजाबाकीने सांगण्याचा प्रघात आहे, आणि गोंधळ नको म्हणून बँकवाले त्याला ‘२५ बेसिस पॉइंट’, म्हणजे टक्क्याचे २५ शतांश, म्हणतात. गंमत अशी की कर्जदाराला जाणवणारी घट या दोन्हींपेक्षा वेगळी असते. वीस वर्षांच्या २५ लाखांच्या गृहकर्जाचा दर साडेआठवरून सव्वाआठ टक्के झाला, तर हप्ता २१,६९६ वरून २१,३०२ रुपयांवर येतो. ही हप्त्यातील १.८ टक्के घट झाली.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. टक्केवारीची उदाहरणे सूत्र पाठ करून सोडवतो, पण बाजारात काही विचारले की गप्प बसतो. घरी काय करून घ्यावे? — एक आई, रत्नागिरी

सूत्र काही दिवस बाजूला ठेवा आणि दहा टक्क्यांपासून सुरुवात करा. कोणत्याही रकमेचे दहा टक्के म्हणजे शेवटचे एक शून्य काढणे किंवा दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवणे. त्याचे निम्मे पाच टक्के, दहावा भाग एक टक्का. ७४० रुपयांचे १५ टक्के म्हणजे ७४ आणि ३७ मिळून १११ रुपये. आठवडाभर एवढेच तोंडी विचारावे, आणि उत्तर उशिरा आले तरी मध्ये बोलू नये.

त्यानंतर त्याला एक गंमत दाखवा. २५ चे १६ टक्के काढणे त्रासाचे वाटते. पण ते १६ च्या २५ टक्क्यांएवढेच असतात, म्हणजे सोळाचे पाव, चार. ५० चे ३८ टक्के म्हणजे ३८ चे निम्मे, एकोणीस. हे नेहमीच का जमते, असे तो विचारील. लगेच सांगू नका. दोन्ही रीतींत २५ आणि १६ यांचाच गुणाकार करून शंभराने भागायचे आहे, हे त्याचे त्याला दिसायला एखादा दिवस लागेल आणि तो दिवस वाया गेलेला नसेल.

मग घरातील वस्तूंवर छापलेले टक्के शोधायला सांगा आणि प्रत्येकापुढे ‘कशाचे?’ हे लिहून घ्या. बिस्किटाच्या पुड्यावर बहुधा शंभर ग्रॅममागचे आकडे असतात आणि पुडा असतो साठ-सत्तर ग्रॅमचा, त्यामुळे एका पुड्यातील साखर काढायला त्याला खरेच गणित करावे लागेल. टोन्ड दुधाच्या पिशवीवर ३ टक्के फॅट लिहिलेले असते. अर्ध्या लिटरच्या पिशवीत तर ते साधारण पंधरा ग्रॅम झाले. त्याच दुधाला कोणी ‘९७ टक्के फॅटमुक्त’ म्हणून विकायला काढले, तर ते खोटे ठरेल का, हा वाद त्याच्याशी घाला. आणि मग त्या पिशवीतील दुधात त्याने पाव लिटर पाणी घातले, तर फॅट किती टक्के उरेल, हे त्याच्याकडूनच काढून घ्या. प्रत्यक्षात एक थेंबही पाणी न घालता दोन टक्के हे उत्तर तो कागदावर आणू शकला, तर सातवीची टक्केवारी त्याला आली असे समजावे.